गणिताचे खेळ, नोंदवही आणि विशेष शिक्षकाची ओळख

आपल्या जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित विशेष शाळेत तीन वर्षांपासून बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने दोन गोष्टी विचारल्या आहेत. वर्गात गणितासाठी खरोखर उपयोगी पडतील असे खेळ कोणते, ही पहिली. दुसरी विचारताना त्यांनी शेजारच्या शाळेतल्या एका सरांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे, ‘तुम्ही काय, दिवसभर खेळच खेळतासा की!’, आणि पुढे विचारले आहे की विशेष शिक्षकाला शिक्षक म्हणून मान्यता मिळते ती कशाने. पदवीने, पुरस्काराने की आणखी कशाने. कोल्हापुरात विशेष शाळेच्या वर्गात मी सत्तावीस वर्षे काढली आहेत आणि हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून ऐकले आहे. त्याचा राग येण्याचे दिवस गेले. मात्र त्या वाक्यात एक रास्त शंका आहे आणि तिचे उत्तर आपल्याजवळ तयार असले पाहिजे, असे मला वाटते. म्हणून आधी खेळांविषयी लिहिते, कारण दुसऱ्या प्रश्नाची वाट त्यातूनच जाते.

सुरुवात वर्गाच्या उंबऱ्यापासून करा. मुले सकाळी येऊन पायताणे काढतात, तिथे आम्ही जमिनीवर खडूने पावलांच्या आकाराचे चौकोन आखले होते, एका मुलाला दोन. आपापली जोडी आपापल्या चौकोनांत ठेवायची आणि मग रोज एकाने उभे राहून पाहायचे की कोणता चौकोन रिकामा आहे. ‘आज कोण आले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटावरून न देता रिकाम्या चौकोनांवरून द्यायचे. एका वस्तूला एक जागा हा संबंध, ज्याला आपल्या पाठ्यक्रमात एकास-एक संगती म्हणतात, तो यात दररोज दहा मिनिटे घडतो आणि कोणालाही आपण गणित करतो आहोत असे वाटत नाही. पुढे त्याच चौकोनांवरून दोन, चार, सहा अशी मोजणी येते. कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या चप्पल लाइनीत दुकानदार जोड्या मोजताना ज्या वेगाने हात चालवतात तो वेग आमच्या मुलांना कधी आला नाही, पण चपला जोडीनेच मोजायच्या असतात ही गोष्ट त्यांना तिथे नेल्यावर पटकन ओळखू आली.

आता खेळ निवडण्याविषयी. ‘चांगले खेळ सांगा’ असे कोणी विचारले की मी उलट विचारते, मुलाची कोणती कडी निसटलेली आहे? मोजणे ही एक क्रिया दिसत असली तरी तिच्यात अनेक गोष्टी गुंफलेल्या असतात. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्यांची पाच तत्त्वे मांडली. त्यांपैकी तीन आपल्या वर्गात रोज लागतात. प्रत्येक वस्तूला एकच संख्यानाम द्यायचे, संख्यानामांचा क्रम कायम ठेवायचा, आणि शेवटचा उच्चारलेला शब्द हा साऱ्या वस्तूंची संख्या सांगतो हे कळायचे. यांतले तिसरे तत्त्व आमच्या मुलांत सर्वांत उशिरा येते आणि पालकांच्या लक्षात सर्वांत कमी येते, कारण मूल ‘एक ते पन्नास म्हणून दाखवते’ यावर घर खूश असते.

गंगावेशीकडून येणारा एक मुलगा मला आठवतो. वय अकरा, घरी म्हशी आणि दुधाचा धंदा. तो पन्नासपर्यंत न अडखळता म्हणत असे. त्याच्यासमोर सात मणी ठेवले तर बोट लावून सातपर्यंत बरोबर मोजत असे. लगेच ‘किती आहेत?’ असे विचारले की तो पुन्हा एकपासून मोजायला लागे, आणि ‘पाच मणी दे’ म्हटले की मूठभर उचलून हातावर ठेवत असे. म्हणजे मोजणे त्याच्या लेखी एक गाणे होते, त्या गाण्याच्या शेवटी थांबून काही सांगायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला आणखी मोजायला लावण्याने काही झाले नसते. आम्ही पाच खण असलेली एक पुठ्ठ्याची पट्टी केली. ‘पाच दे’ म्हटल्यावर पट्टी त्याच्यासमोर यायची, खण भरले की हात आपोआप थांबायचा आणि मग आम्ही दोघे मिळून पट्टीवर हात फिरवून ‘पाच’ एवढेच म्हणायचो, एक-दोन-तीन न म्हणता. काही आठवड्यांनी खणांच्या रेषा पुसट केल्या, मग पट्टी उलटी ठेवली, शेवटी काढून घेतली. जुलैत सुरू केलेले हे काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालले. सुट्टीनंतर त्याचे वडील सांगायला आले, ‘आता पाच भांडी आण म्हटलं की पाचच आणतोय.’

या मुलासाठी जो खेळ उपयोगी पडला तो त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीला निरुपयोगी होता, कारण तिची अडचण क्रमाची होती. ती सात नंतर नेहमी नऊ म्हणत असे. म्हणून खेळांची यादी देऊन भागत नाही. तरीही ज्यातून बऱ्याच मुलांना काही ना काही मिळते असा एक खेळ सविस्तर सांगते, आणि त्याला एक पैसा खर्च येत नाही.

चिंचोके भाजून फोडले की एका बाजूने पांढरे आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी अर्धे मिळतात. आपल्या आज्या पटाच्या खेळात कवड्यांऐवजी हेच टाकत. चार अर्धे हातात खुळखुळवून टाकायचे आणि जेवढे पांढरे दिसतील तेवढी घरे पुढे जायचे. ठिपक्यांच्या फाशापेक्षा हे मला आवडते, कारण यात संख्या छापलेली नसते, ती प्रत्येक वेळी नव्या मांडणीत समोर पडते. तीन पांढरे कधी रांगेत पडतील, कधी त्रिकोणात, कधी एक दूर जाईल. तरी ते तीनच. चारपर्यंतची संख्या न मोजता नजरेने ओळखण्याची शक्ती बहुतेक माणसांत असते, आणि आमच्या मुलांत ती दुबळी असली तरी सरावाने तिला धार येते. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली तर सोळा टाकांमागे सरासरी सहा वेळा दोन पडतील, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चारही पांढरे एकदाच. म्हणजे मुलाला लहान संख्या पुन्हा पुन्हा भेटतात आणि ‘चार’ पडल्याचा आनंद दुर्मीळ राहतो, जे शिकण्याच्या दृष्टीने फार सोयीचे आहे.

एक बदल मात्र आवर्जून करा. जुन्या नियमात चारही पालथे पडले की आठ धरतात. मोठ्या माणसांना यात गंमत वाटते, परंतु ज्या मुलाला आपण ‘दिसते तेवढेच म्हण’ असे शिकवतो आहोत त्याच्यासमोर एकही पांढरा नसताना आठ म्हणायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आम्ही तिथे ‘शून्य’ म्हणतो आणि सोंगटी जागेवर राहते. शून्य ही गोष्ट फळ्यावर शिकवायला मला नेहमी अवघड गेले आहे. इथे मूल स्वतःची सोंगटी हलत नाही हे पाहते आणि तोंड पाडून ‘शून्य’ म्हणते, त्यामुळे वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

पट सरळ रेषेत आखा. सापशिडी सगळ्यांना माहीत असते म्हणून बहुतेक शिक्षक तिथून सुरुवात करतात आणि दहाव्या घरानंतर सोंगटी उलट दिशेने वळली की अर्धा वर्ग हरवतो. शिवाय साप गिळतो तेव्हा संख्या एकदम कमी का झाली हे मुलाला कळत नाही, फक्त वाईट वाटते. त्याऐवजी डावीकडून उजवीकडे एक ते दहा अशी सारख्या चौकोनांची पट्टी जमिनीवर आखा. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांना अशा एक ते दहाच्या सरळ पटावर दोन आठवड्यांत थोडा थोडा वेळ खेळवले होते. त्यांची संख्यांच्या लहान-मोठेपणाची समज वाढली, आणि अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांची वाढली नाही. ती मुले बौद्धिक दिव्यांग नव्हती, त्यामुळे त्यांचे दोन आठवडे आपल्याकडे दोन सत्रे होतील, हे गृहीत धरूनच वर्गात उतरा. त्या अभ्यासातला एक तपशील फार मोलाचा आहे. मुलाची सोंगटी चारवर असेल आणि दोन पडले तर त्याने ‘एक, दोन’ न म्हणता ‘पाच, सहा’ असे घराचे अंक म्हणत पुढे जायचे. आपल्या मुलांना हे जड जाते. सुरुवातीचे महिनाभर मी त्यांच्या सोंगटीवरच्या बोटावर माझे बोट ठेवून दोघांनी मिळून म्हणत असे.

मराठी संख्यानामांबद्दल थोडे विषयांतर करते, कारण आपल्या वर्गातल्या कितीतरी ‘चुका’ मुलांच्या नसून भाषेच्या असतात. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, पण लिहिताना दोन आधी लिहितो. जे मूल ऐकलेल्या क्रमाने ५२ लिहिते ते भाषेशी प्रामाणिकच असते. त्यातून एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकातून एक वजा करून तयार झालेली, आणि नव्व्याण्णवला मात्र तो नियम लागू नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा आणि ओरड झाली. अभ्यासमंडळाच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचा आणि उलट क्रमाचा मुलांना होणारा त्रास शांतपणे समजावून सांगितला, तरी फारसे कोणी ऐकून घेतले नाही. मी कोणत्या बाजूची आहे हे सांगायला नकोच. विशेष शाळांत ‘वीस आणि पाच’ असे आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत आलो आहोत. त्यासाठी खेळ साधा आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे रबराने बांधायचे, बाकीच्या काड्या सुट्या ठेवायच्या, आणि दुकानदार झालेला मुलगा ‘दोन जुडगी, पाच सुट्या’ अशी मागणी पुरी करतो. हाताला जुडगे लागल्यावर दशक ही गोष्ट समजते. जुडगे सोडून एक काडी काढणे आणि पुन्हा दहा झाल्यावर बांधणे हे मुलांनीच करायचे. शिक्षकाने आदल्या रात्री तयार बांधून आणलेल्या जुडग्यांनी यातले निम्मे शिकणे वाया जाते.

माझी एक जुनी चूक इथे सांगणे बरे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी पदरचे पैसे घालून प्लास्टिकच्या अंकांचा एक रंगीत संच आणला होता. त्यात प्रत्येक अंकाला ठरलेला रंग होता आणि त्याच रंगाच्या तेवढ्या गोट्या. मुले भराभर जोड्या लावू लागली, मी नोंदवहीत ‘एक ते नऊ अंक ओळखतो’ असे लिहून मोकळी झाले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी फळ्यावर खडूने ३ लिहून विचारले, तर एकालाही सांगता येईना. मुलांनी रंग जुळवले होते, अंक त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या दिवसापासून कोणताही खेळ वर्गात आणण्यापूर्वी मी स्वतःला विचारते की संख्या न कळताही मूल यात जिंकू शकेल का. जिंकू शकत असेल तर तो खेळ मधल्या सुट्टीसाठी ठेवते.

पैशांच्या खेळाविषयी बरेच लिहिले जाते, म्हणून थोडक्यात सांगते. वर्गातले दुकान खऱ्या वस्तूंचे आणि खऱ्या नाण्यांचे असावे. खोट्या नोटांवर शिकलेले मूल लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन गोंधळते, कारण त्याने खरी, मळलेली, चारदा घडी घातलेली नोट कधी हातात घेतलेलीच नसते. २०१७ नंतरच्या नव्या नोटांत २०० ची नोट पिवळी आणि २० ची हिरवट पिवळी आहे, त्यात शून्याचाच फरक, त्यामुळे या दोन नोटा वेगळ्या करण्याचा खेळ आम्ही मुद्दाम आठवड्यातून दोनदा घेतो. आता भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते आणि सुटे पैसे ठेवत नाही, ही नवीच अडचण झाली आहे. पण आमची बहुतेक मुले ज्या वयात बाहेर पडतात त्या वयात त्यांच्या हाती मोबाइल नसतो, केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, तिकिटाचे सुटे पैसेच असतात. तेव्हा नाणी सोडू नका.

पूर्णतः दृष्टिहीन किंवा कर्णबधिर मुले वर्गात असतील तर साहित्य बदलावे लागते. चिंचोक्याच्या पांढऱ्या बाजूला खरकागद चिकटवला की बोटांनी खेळता येते. पुढची आकडेमोड टेलर फ्रेम (दृष्टिहीनांसाठीची खाचांची गणितपाटी) किंवा अबॅकसवर (मण्यांच्या पाटीवर) जाते. कर्णबधिर मुलांसाठी संख्येची खूण भारतीय सांकेतिक भाषेतलीच वापरावी, घरगुती खुणांवर वर्ष काढू नये.

आता तुमच्या शेजारच्या सरांकडे वळू. त्यांनी खिडकीतून पाहिले तेव्हा त्यांना चार मुले चिंचोके टाकताना दिसली. त्यांना जे दिसले नाही ते कुठे लिहिलेले आहे का, एवढाच प्रश्न आहे. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली कार्यात्मक मूल्यमापनाची पडताळा सूची, जिला आपण सगळे एफएसीपी म्हणतो, ती तुमच्या शाळेत असणारच. तिच्यातील खुणा आपण पदविकेच्या परीक्षेसाठी पाठ करतो आणि नंतर तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरून काढतो; हे मी इतरांवर आरोप म्हणून लिहीत नाही, मीही केले आहे. पण तीच खूण खेळ चालू असताना टाकली तर तिची किंमत बदलते. गंगावेशीच्या त्या मुलाच्या पानावर ‘पाच वस्तू देतो’ या ओळीपुढे जुलैत पीपी होते, म्हणजे हात धरून करून घ्यावे लागे. ऑगस्टअखेर व्हीपी झाले, म्हणजे तोंडी सांगावे लागे. सप्टेंबरात दोन आठवडे पुन्हा पीपी, कारण तो तापाने आजारी होता. ऑक्टोबरात सी, म्हणजे नुसता इशारा पुरे, आणि दिवाळीनंतर अधिक चिन्ह, म्हणजे स्वतःहून करतो. त्याच्या वडिलांना सहावीच्या पुढे शाळा नव्हती, पण मी ते पान पुढे केले तेव्हा त्यांनी बोटाने ओळ धरून वाचली आणि सप्टेंबरवर थांबून म्हणाले, ‘तवा आजारी हुता.’ आपल्या मुलाचे शिकणे त्यांना पहिल्यांदाच कागदावर दिसले होते. माझ्या मते मान्यता सुरू होते ती इथून. दुसऱ्या कोणाला वाचता येईल, पडताळता येईल आणि ज्यात माघारही लपवलेली नसेल अशी नोंद असणे, हे व्यवसायाचे लक्षण आहे. डॉक्टरच्या केसपेपरला आपण मान देतो तो याचसाठी.

नोंदीसाठी वेळ कुठून आणायचा, असे तुम्ही विचाराल. मी पत्त्यांच्या आकाराची कार्डे करते, एका मुलाचे एक, आणि ती एप्रनच्या खिशात ठेवते. दिवसाला एका मुलाची एकच गोष्ट पाहायची असे ठरवले तर आठ मुलांच्या वर्गात पंधरवड्याला प्रत्येकाची किमान एक विश्वसनीय नोंद होते. रोज सगळ्यांचे सगळे लिहायला गेलात तर आठवड्यात सोडून द्याल.

कायद्याने मिळणारी मान्यता हा वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. त्यानुसार विशेष शिक्षकाचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत (सीआरआर) असावे लागते आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे कलम १३ नुसार दंडनीय आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सामान्य शाळेतल्या शिक्षकाला लागू नसलेली एक अट आपल्याला आहे, ती म्हणजे नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे सेवेत असताना चालू ठेवायच्या प्रशिक्षणाच्या, कार्यक्रमांतून मिळवायचे शंभर गुण. कित्येक सहकारी चार वर्षे काहीच करत नाहीत आणि शेवटच्या वर्षी मिळेल त्या कार्यशाळेत जाऊन बसतात. तुमची तीन वर्षे झाली आहेत; पहिल्यांदा तुमचे प्रमाणपत्र काढून मुदत पाहा. ‘आम्हाला कोण ओळखतो’ असे म्हणणाऱ्या शिक्षिकेचा सीआरआर नंबरच कालबाह्य झालेला मी पाहिला आहे.

त्या पलीकडचे चित्र हळूहळू बदलते आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आली. गणन अक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, तिच्यातच मोडते, त्यामुळे बुद्ध्यंक चांगला असूनही आकड्यांशी झगडणाऱ्या मुलाची जबाबदारी आता सामान्य शाळेवरही आहे आणि त्या शाळेला तुमच्यासारखी व्यक्ती लागते. रजनीशकुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या पदांविषयी निर्देश दिले. पुढच्या वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला दर दहा आणि सहावी ते आठवीला दर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण आले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला आणि २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेत वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करणाऱ्यांना या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तुम्ही विनाअनुदानित शाळेत आहात, तेव्हा तुमच्या पगारपत्रकावर याचा परिणाम लगेच होणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

पुरस्काराविषयी माझे मत जरा कडू आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला आदर्श शिक्षिका म्हणून गौरवले. फेटा, शाल, श्रीफळ, सगळे यथासांग झाले. मानपत्रात ‘देवाघरच्या फुलांची निःस्वार्थ सेवा’ असे लिहिले होते आणि मी शिकवते असा शब्द त्या संपूर्ण पानात कुठेही नव्हता. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही, आणि आईने ते मानपत्र चौकट करून लावले याचा मला आनंदही आहे. परंतु ज्याला सेवा म्हटले जाते त्याला वेतनश्रेणी, प्रशिक्षण आणि पदोन्नती मागितली की लोकांना विचित्र वाटते. मुलांना फुले म्हटले की त्यांना बेरीज यावी अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. तुमच्याकडे पुरस्काराचा प्रस्ताव मागितला गेला तर जरूर भरा, संकोच करू नका. त्यात समारंभांची छायाचित्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे कमी ठेवा. तीन मुलांची दोन-दोन वर्षांची नोंद नाव झाकून जोडा, कोणता खेळ का बदलला ते अर्ध्या पानात लिहा, आणि जिथे यश आले नाही अशी एक गोष्टही लिहा. मुलांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही देऊ नका, प्रस्तावातही नाही आणि मोबाइलवरच्या शिक्षकांच्या गटातही नाही.

शेजारच्या सरांना उत्तर देण्याचा एक मार्ग मी स्वतः वापरलेला आहे. अशाच एका सरांना मी त्यांच्या तिसरीच्या वर्गातली वजाबाकीत अडकलेली दोन मुले आठवड्यातून एकदा माझ्याकडे पाठवायला सांगितले. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानामुळे तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञान पूर्ण व्हावे असा तगादा त्यांच्याही मागे होताच. त्या दोघांपैकी एकाला काड्यांची जुडगी सोडण्याचा खेळ दोन महिन्यांत लागू पडला. दुसऱ्याला पडला नाही, कारण त्याची अडचण गणिताची नसून वाचनाची होती, आणि तसे मी कार्डावर लिहून दिले. सरांनी ते कार्ड ठेवून घेतले. नंतर खेळाबद्दल ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या जूनमध्ये आणखी एका मुलाला घेऊन स्वतः आले.

चिंचोक्यांबद्दल एक सूचना राहिली. ज्या मुलांना वस्तू तोंडात, नाकात किंवा कानात घालण्याची सवय आहे त्यांच्यासाठी चिंचोके अजिबात वापरू नका; त्याऐवजी पाण्याच्या बाटल्यांची मोठी झाकणे घ्या, एका बाजूला पांढरा कागद चिकटवून. बाकीच्या वर्गात तास संपताना चिंचोके गोळा करण्याचे काम एका मुलाला द्या आणि डबा बंद करण्याआधी त्याला विचारा, किती आले? आमच्याकडे गंगावेशीचा तो मुलगा हे काम करत असे. चार आले असतील तर ‘चार’ म्हणून झाकण लावायचा, आणि तीनच असतील तर काही न बोलता बाकाखाली वाकायचा.